एआय आजोबांचा मूळ चेहरा परत आणत नाही

गेली काही वर्षं घराघरांतल्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. शब्द दर वेळी थोडे बदलतात, सार तेच राहतं. जुने फोटो आता स्टुडिओत नेऊ नका. फोटो कितीही धूसर, फाटका असू दे, एआय अ‍ॅप एका क्लिकमध्ये मूळ चेहरा परत आणतं. ब्लॅक अँड व्हाइट फोटोतले खरे रंगही ते ओळखतं. पोलीस सीसीटीव्हीतले चेहरे असेच स्पष्ट करतात. मोबाइलने फोटोचा फोटो काढून टाकला तरी पुरतं, आणि एकदा फाइल हातात आली की ते जुने कागद सांभाळायची गरज नाही.

जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करणं हे माझं काम आहे आणि ही साधनं मी स्वतः वापरतो. त्यांची ताकद मला माहीत आहे. म्हणूनच हा मजकूर मला अस्वस्थ करतो. यातली बहुतेक विधानं चुकीची आहेत आणि शेवटच्या विधानावर विश्वास ठेवला तर जे हातचं जाईल ते कुणालाही परत आणता येणार नाही.

“मूळ चेहरा परत आणतं”

आधी साधा हिशेब करू. लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा स्कॅनमध्ये ४० पिक्सेल रुंद आणि ५० पिक्सेल उंच आहे असं धरा. म्हणजे त्या चेहऱ्याबद्दल आपल्याकडे २,००० ठिपक्यांची माहिती आहे. अ‍ॅप जो टवटवीत चेहरा काढून देतं तो १,०२४ गुणिले १,०२४ पिक्सेलचाही असू शकतो, म्हणजे दहा लाखांहून जास्त ठिपके. हे वरचे ठिपके तुमच्या फोटोत नव्हतेच, तर परत कुठून येणार? ते नव्याने रचलेले असतात.

कसे रचले जातात हेही गूढ नाही. चेहरा सुधारणाऱ्या ज्या प्रणालींवर बरीच अ‍ॅप्स उभी राहिली त्यांपैकी एक म्हणजे टेन्सेंट या चिनी कंपनीच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलेली जीएफपीगॅन. तिला शिकवलं गेलं एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीने जमवलेल्या ७०,००० चेहऱ्यांच्या संग्रहावर. ते चेहरे फ्लिकर या फोटो शेअर करण्याच्या साइटवर लोकांनी टाकलेल्या डिजिटल फोटोंमधून घेतलेले होते. शिकवताना हे चांगले फोटो मुद्दाम धूसर करायचे, लहान करायचे, त्यांत दाणे मिसळायचे आणि मग प्रणालीकडून पुन्हा स्पष्ट करून घ्यायचे. त्यातून ती शिकते ते इतकंच की असा अस्पष्ट डाग दिसला तर तिथे साधारण असा डोळा, अशी पापणी, असा ओठ शोभून दिसतो. १९४० साली मिरजेत किंवा मडगावात कॅमेऱ्यासमोर बसलेल्या तुमच्या आजोबांबद्दल तिला काहीही माहीत नसतं.

यावर “पण मूळ फोटोशी जुळतो ना!” असं उत्तर हमखास येतं. जुळतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. एका धूसर चेहऱ्याशी जुळणारे स्पष्ट चेहरे हजारो असू शकतात. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘पल्स’ नावाची पद्धत मांडली होती. ती १६ गुणिले १६ पिक्सेलच्या चेहऱ्यावरून मोठा चेहरा तयार करायची, आणि तयार झालेला चेहरा पुन्हा लहान केला तर दिलेल्या चित्राशी जुळायचा. त्याच वर्षी कुणीतरी तिला बराक ओबामांचा ठोकळे-ठोकळे दिसणारा फोटो दिला आणि उत्तरादाखल एक गोरा माणूस मिळाला. लहान करून पाहिलं तर जुळणी ठीकच होती, माणूस मात्र दुसराच होता. ओबामांचा चेहरा जगाला पाठ आहे म्हणून चूक लगेच पकडली गेली. तुमच्या पणजीचा चेहरा प्रत्यक्ष पाहिलेलं आता घरात कोण आहे?

माझ्या टेबलावर या प्रश्नाला रोज एक ठोस रूप येतं. जुन्या पिढीतल्या कितीतरी चेहऱ्यांवर देवीचे वण आहेत. बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण आहे. फोटोत हे सगळं बारीक काळ्या ठिपक्यांसारखं दिसतं, आणि कागदावरची बुरशी, धुळीचे कणही तसेच दिसतात. अ‍ॅप दोन्ही पुसून टाकतं. नथीचा आकडा कधी नाकपुडीत विरघळतो, चिरीचं कुंकू गोल टिकली होऊन बसतं, सुरकुत्या जातात आणि साठीची बाई पस्तिशीची होते. भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला. त्याआधीच्या पिढ्यांनी जे अंगावर सोसलं त्याची खूण त्यांच्या चेहऱ्यावर होती, आणि ती कुणालाही न विचारता काढून टाकण्याला दुरुस्ती म्हणणं मला मान्य नाही.

न्यायाने हेही सांगायला हवं की जुन्या स्टुडिओतले रिटचर, म्हणजे फोटो हाताने दुरुस्त करणारे कारागीर, पेन्सिल आणि ब्लेड घेऊन निगेटिव्हवर हेच करत. पण ते गिऱ्हाइकाला विचारून करत, आणि समोर बसलेल्या माणसाचा चेहरा त्यांनी पाहिलेला असे.

धूसरपणा खरोखर कमी करता येतो अशी परिस्थितीही असते. कॅमेरा किती हलला, भिंग नेमकं किती चुकलं हे ठाऊक असेल तर गणिताने तो परिणाम काही अंशी उलटवता येतो. हबल दुर्बिणीचा आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉनने चुकीचा घासला गेल्याचं १९९० मध्ये लक्षात आलं, तेव्हा चूक मोजून तिच्या छायाचित्रांवर असं गणित चालवलं गेलं आणि त्याचा उपयोगही झाला. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांना वर पाठवून तिची दृष्टी सुधारावीच लागली. जो प्रकाश नीट टिपलाच गेला नाही त्याची भरपाई गणित पूर्ण करू शकत नाही.

“ब्लॅक अँड व्हाइट फोटोतले खरे रंग ओळखतं”

हा दावा पहिल्यापेक्षाही कच्चा आहे, कारण इथे खुद्द जुनी रसायनंच अ‍ॅपच्या विरोधात साक्ष देतात.

जुन्या काळी फोटो टिपणाऱ्या काचेच्या प्लेटवर चांदीच्या क्षारांचा थर असे. या क्षारांना मुळात निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश जाणवतो. लाल त्यांना जवळजवळ दिसतच नाही. हर्मान फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८७३ मध्ये दाखवलं की विशिष्ट रंगद्रव्यं मिसळली तर प्लेट हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही दाद देते. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा बाजारात यायला १९०६ उजाडलं आणि त्या सर्रास वापरात यायला आणखी बराच काळ गेला. म्हणून जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून काढलेल्या फोटोत लाल कुंकू काळं दिसतं, लाल काठ आणि काळा काठ यांत फरक उरत नाही, आणि आकाशी रंगाचं लुगडं पांढरट दिसतं. आपल्याकडचे गव्हाळ, सावळे चेहरेही त्या प्लेटांवर होते त्याहून काळे उमटले.

आता अ‍ॅप रंग भरायला कसं शिकतं ते पाहा. आजचे रंगीत फोटो घ्यायचे, त्यांचे रंग काढून ते करडे करायचे आणि कुठल्या करड्याला कुठला रंग हे प्रणालीला पाठ करून घ्यायचं. पण संगणकाने केलेलं करडं आणि १८९० च्या प्लेटने केलेलं करडं यांचे नियमच वेगळे आहेत. आजच्या हिशेबात लाल म्हणजे मध्यम करडा, तर त्या प्लेटवर तो काळ्याच्या जवळचा. त्यामुळे अ‍ॅप काळ्या दिसणाऱ्या काठाला काळा किंवा गडद तपकिरी करतं, पांढरट दिसणारं लुगडं पांढरंच ठेवतं, आणि सुवासिनी असलेल्या पणजीच्या अंगावर जवळजवळ विधवेचा वेष चढतो. फोटोतल्या बाईचं सौभाग्य बदलून टाकणारी ही चूक आहे, आणि ती पाहणाऱ्या कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण चित्र सुंदर दिसतं.

हाताने फोटो रंगवणाऱ्या जुन्या कलावंताला निदान घरच्यांना विचारता येत असे. आजही विचारता येतं. पैठणी पेटीत असेल, मावशीला रंग आठवत असेल, तर ती माहिती हाताशी ठेवून फोटो रंगवा आणि आनंदाने लावा. रंग सांगणारं कुणीच उरलं नसेल तर फोटो आहे तसा राहू द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

रंगांच्या नावाखाली आणखी काय होऊ शकतं हे २०२१ च्या एप्रिलमध्ये दिसलं. कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगात ख्मेर रूज राजवटीने मारण्याआधी काढलेले कैद्यांचे फोटो एका कलावंताने रंगवले आणि ते ‘व्हाइस’ या माध्यमसंस्थेने प्रसिद्ध केले. मुळाशी ताडून पाहिल्यावर कळलं की काही चेहऱ्यांवर हसू आणलेलं होतं. कंबोडियाच्या संस्कृती मंत्रालयाने निषेध केला आणि तो मजकूर काढून घ्यावा लागला. मूळ फोटो जपलेले होते म्हणून हे उघडकीला आलं.

“पोलीस असेच चेहरे ओळखतात”

पडद्यावरच्या मालिकांत ओळखतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २०२४ मध्ये एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या बाजूने मोबाइलवरचा व्हिडिओ एआयने ‘सुधारून’ पुरावा म्हणून पुढे केला गेला, आणि न्यायालयाने तो नाकारला. न्यायवैद्यक तज्ज्ञांमध्ये ही पद्धत मान्य झालेली नाही, हे त्यामागचं एक मुख्य कारण होतं. रचलेल्या चेहऱ्यावरून कुणाला तरी तुरुंगात टाकता येईल, ही कल्पनाच भयंकर आहे. गल्लीतल्या चोरीचं फुटेज अ‍ॅपमधून काढून “हाच तो” म्हणून ग्रुपवर फिरवणाऱ्यांनी थांबायला हवं. तो चेहरा कुणा भलत्याशीच जुळला तर मार त्याला बसेल.

“एका क्लिकमध्ये, स्टुडिओची गरज नाही”

यात थोडं तथ्य आहे. पिवळा पडलेला, फिकट झालेला फोटो फोटो दुरुस्त करण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या लेव्हल्स आणि कर्व्हज या उजेड-अंधार कमीजास्त करणाऱ्या दोन साध्या साधनांनी कमालीचा उठतो, कारण तिथे माहिती कागदावर असतेच, फक्त दबलेली असते. घडीची रेघ, शाईचा डाग, कोपऱ्यातला फाटका पडदा शेजारचा भाग उचलून तिथे लावणाऱ्या क्लोन स्टॅम्पने किंवा हीलिंग ब्रशने भरता येतो. फोटोशॉप १९९० पासून आहे, जिम्प १९९६ पासून फुकट मिळतं, आणि घरी बसून कुणालाही हे शिकता येतं. जरूर शिका. बॅकड्रॉपवरचा खांब किंवा मागची भिंत एआयने भरायलाही माझी हरकत नाही. रेघ डोळ्यावरून गेली असेल तर मात्र तिथे घाई चालत नाही. त्याच माणसाचा त्याच सुमाराचा दुसरा फोटो शोधावा लागतो, नाहीतर रेघ तशीच ठेवावी लागते.

स्टुडिओबद्दल एक गोष्ट या मजकुरात कुठेच येत नाही. जुन्या फोटोच्या पुठ्ठ्यावर किंवा मागे अनेकदा स्टुडिओचा शिक्का आणि निगेटिव्हचा क्रमांक असतो. तो स्टुडिओ अजून चालू असेल किंवा मालकाच्या घरच्यांनी पेट्या ठेवल्या असतील, तर तिथे चौकशी करा. एका निगेटिव्हमध्ये जितका खरा तपशील असतो तितका कुठलंही अ‍ॅप देऊ शकत नाही.

“मोबाइलने फोटोचा फोटो पुरतो”

पुरत नाही. ट्यूबलाइटची चकाकी, तिरका कोन, मोबाइलने स्वतःहून केलेली गुळगुळीत सफाई आणि वर व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवताना दाबली गेलेली फाइल, एवढ्यातून जे उरतं त्यावर अ‍ॅप अंदाज बांधत बसतं. लहान फोटो असेल तर साध्या घरगुती स्कॅनरवर १,२०० डीपीआयला (म्हणजे इंचाला १,२०० ठिपके), मोठा असेल तर ६०० ला स्कॅन करून टिफ या तपशील न गमावणाऱ्या फाइलमध्ये ठेवा. पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, चित्र ज्यात असतं तो जिलेटिनचा थर काचेवरच राहून जाईल. तो काचेसकट स्कॅन करा.

“जुने कागद सांभाळायची गरज नाही”

कुठलंही अ‍ॅप वापरा, पण हे करू नका. आजचं अ‍ॅप जो अंदाज करतं त्यापेक्षा पाच वर्षांनी येणारं साधन वेगळा अंदाज करेल. त्या सगळ्या अंदाजांची तपासणी ज्याच्यावर करायची ती एकच वस्तू तुमच्याकडे आहे. तिच्या मागच्या बाजूला नाव असेल, गाव असेल, तारीख असेल. स्कॅन करताना ती मागची बाजूही स्कॅन करा.

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या घरांत पावसाळ्याची दमट हवा हा फोटोंचा मोठा शत्रू, कारण जिलेटिनवर बुरशी पोसते. फोटो भिंतीला टेकून ठेवू नका, चिकट पानांच्या अल्बममधून अलगद निघत असतील तर काढा, आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळून घरातल्या कोरड्या, अंधाऱ्या कपाटात ठेवा. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनने नाही.

आणि एआयचा चेहरा आवडलाच असेल तर तो वेगळ्या नावाने जतन करा, फाइलच्या नावातच ‘एआय’ लिहा, आणि फ्रेम करून लावणार असाल तर फ्रेमच्या मागे मूळ फोटोची प्रत घाला. गुगल आपल्या जेमिनी या एआयमधून निघालेल्या प्रत्येक चित्रात सिंथआयडी ही डोळ्यांना न दिसणारी खूण घालतं, हे चित्र एआयचं आहे हे नंतर ओळखता यावं म्हणून. साधन बनवणारे स्वतः ती खूण ठेवतात, तर घरातल्या फ्रेमवर ती ठेवायला आपल्याला कसली अडचण?