‘आधी आत घ्या, धुणं नंतर’ म्हणणाऱ्यांना

सध्या एक संदेश फिरतोय. रसायन अंगावर पडलेला रुग्ण आला की धुण्याबिण्यात वेळ घालवू नका, सरळ आयसीयूत न्या. अग्निशमन दल जागेवरच सगळ्यांना धुऊन पाठवतं. कर्मचाऱ्यांना मास्क-ग्लोव्हज पुरतात. आणि अंगावर ॲसिड सांडलं असेल तर वर खायचा सोडा टाका. चारही गोष्टी चुकीच्या आहेत, त्यातली पहिली तर धोकादायक.

‘जागेवरच धुऊन पाठवतात.’ घाबरलेला माणूस रांगेत थांबत नाही हो. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन, म्हणजे मज्जासंस्थेवर घाला घालणारं विषारी रसायन, सोडलं गेलं, त्या दिवशी तिथल्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात ६४० रुग्ण आले. बहुतेक पायी, टॅक्सीने, मिळेल त्या गाडीने. न धुता.

‘सरळ आत न्या.’ तिथे तेच झालं. जागा कमी पडली म्हणून चॅपलमध्येही (रुग्णालयाच्या प्रार्थनागृहात) रुग्ण ठेवले, हवा खेळती नव्हती आणि कपड्यांत मुरलेलं सारिन वाफ होऊन उडत राहिलं. नंतरच्या पाहणीत उत्तर देणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी २३ टक्क्यांनी आपल्यालाही त्रास झाल्याचं सांगितलं: डोळे दुखणं, अंधुक दिसणं, डोकेदुखी.

धुणं म्हणजे तासभराचं काम, हा समजच मुळात खोटा. अंगावरचं बहुतेक रसायन कपड्यांबरोबरच निघतं. शर्ट डोक्यावरून ओढायचा नाही, नाहीतर ओलं कापड नाका-डोळ्यांवरून फिरतं; कात्रीने समोरून कापायचा. घड्याळ, पट्टा, चपला, सगळं दुहेरी पिशवीत. मग कोमट पाणी, हलक्या दाबाने, दोन-तीन मिनिटं. खसाखसा घासायचं नाही. नुसता वायू लागला असेल, अंग ओलं नसेल आणि कातडीला जळजळ नसेल, तर बऱ्याचदा कपडे काढणंच पुरतं.

एक मात्र मान्य: श्वास अडकलेल्या माणसाला आधी आंघोळ घालत बसायचं नाही. पण म्हणून त्याला वॉर्डात न्यायचं नाही. श्वासमार्ग मोकळा करणं, ॲट्रोपिन (सारिनसारख्या विषावरचा उतारा) देणं हे दाराबाहेरच, रसायनरोधक सूट घातलेल्या माणसांनी करायचं. धुणं सोबत चालू.

‘मास्क-ग्लोव्हज पुरतात.’ सर्जिकल मास्क सोडाच, एन-९५ सुद्धा कण अडवतो, वाफ नाही. तपासणीचे पातळ लॅटेक्स ग्लोव्हज अनेक द्रावकांपुढे टिकत नाहीत. योग्य फिल्टरचा रेस्पिरेटर, रसायनरोधक सूट आणि जाड ब्यूटाइल रबरचे ग्लोव्हज हवेत. त्या ग्लोव्हजमधून सुई टोचायला शीर शोधून बघा एकदा. सरावाशिवाय जमत नाही.

‘ॲसिडवर सोडा.’ दोन्ही एकत्र आले की उष्णता निघते, म्हणजे भाजलेल्या जागेवर पुन्हा चटका. भरपूर पाणी घाला, डोळ्यांत गेलं असेल तर आधी डोळे. चुन्याची कोरडी भुकटी असेल तर मात्र आधी झटकायची, मग पाणी. हायड्रोफ्लोरिक ॲसिडला पाण्यानंतर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लागतं. ते कॅज्युअल्टीच्या कपाटात आहे का, आजच बघून घ्या.