परदेशी पेन्शन लपवायला सांगणारा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

‘निवृत्तांसाठी आनंदाची बातमी’ अशा मथळ्याचा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. तो आता माझ्या मामांपर्यंत पोचला. मामांची सगळी नोकरी अमेरिकेत झाली, निवृत्तीनंतर ते इकडे परतले, आणि आता मला विचारतायत, ‘म्हणजे यंदा रिटर्न भरायचंच नाही ना?’ मेसेजचं म्हणणं असं: पंचाहत्तरीनंतर आयकर माफ, परदेशातून येणारी पेन्शन इथे दाखवावी लागत नाही, एनआरई ठेवीचं (अनिवासी भारतीयांच्या रुपयातल्या ठेवीचं) व्याज परतल्यावरही मुदत संपेपर्यंत करमुक्त, व्याजातून कर कापू नये म्हणून बँकेत १५एच फॉर्म दिला की विषय संपला, आणि नाहीतरी १२ लाखांपर्यंत कर नाहीच.

पंचाहत्तरीचं आधी उरकते. अशी करमाफी कुठेही नाही. पीआयबीच्या (सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या) फॅक्ट चेकनंही हा दावा खोटा म्हणून जाहीर केलाय. २०२१ च्या अर्थसंकल्पातून कलम १९४पी आलं, त्याचा हा विपर्यास आहे. ७५ पूर्ण झालेल्या निवासी व्यक्तीला फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतलं व्याज एवढंच उत्पन्न असेल, तर तिनं बँकेला तसं लिहून द्यायचं. बँक हिशोब करून कर कापते. कर जातोच, रिटर्न भरण्याची दगदग तेवढी वाचते. घरभाडं किंवा परदेशी उत्पन्न असलं तर तीही सवलत नाही. म्हणजे मामांना हे कलम लागूच होत नाही.

खरा संताप आला तो परदेशी पेन्शनच्या मुद्द्यावर. ‘तिकडे कर भरलाय, इथे कोण विचारतं’ असं त्यात चक्क लिहिलंय. भारतात निवासी झालात की जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. मग कर कुठे भरायचा, हे त्या त्या देशाशी झालेला करार ठरवतो. भारत-अमेरिका कराराचं २० वं कलम उघडून वाचा, दोनच परिच्छेदांत बरंचसं उत्तर आहे. सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे अमेरिकी सरकारकडून निवृत्तांना मिळणाऱ्या रकमेवर, कर लावायचा हक्क फक्त अमेरिकेचा. खाजगी कंपनीच्या पेन्शनवर मात्र हक्क तुम्ही जिथे निवासी आहात त्या देशाचा, म्हणजे भारताचा. (अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल तर हिशोब वेगळा.) मेसेजनं हे दोन्ही एकाच पोत्यात भरलं.

अर्धसत्य आहे, तेही सांगते. बरीच वर्षं बाहेर राहून आलेल्याला पहिली दोन-तीन वर्षं ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ हा दर्जा मिळू शकतो. आधीच्या १० पैकी ९ वर्षं अनिवासी असलात, किंवा आधीच्या ७ वर्षांत भारतातला मुक्काम ७२९ दिवसांपेक्षा जास्त नसला, तर. त्या काळात बाहेर मिळालेल्या परदेशी उत्पन्नावर इथे सहसा कर लागत नाही. पण तो काळ संपतो, आणि हे मेसेज लिहिणाऱ्यानं सांगितलेलं नाही.

त्यानंतर परदेशातली बँक खाती आणि ४०१(के) (अमेरिकेत नोकरीतून साठवलेलं निवृत्ती खातं) रिटर्नमधल्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवावी लागतात, त्यावर इथे एक रुपयाही कर लागत नसला तरी. मेसेज सांगतो, ‘साधा आयटीआर-१ भरा.’ परदेशी मालमत्ता असलेल्याला तो फॉर्म चालतच नाही! न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून बाकी मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असेल तर त्यातून सूट आहे; पण आयुष्यभराचं ४०१(के) त्याच्या आत कितीजणांचं बसेल? अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांवरचा कर पैसे काढण्याच्या वर्षापर्यंत पुढे नेण्याची सोय कलम ८९ए मध्ये आहे. त्यासाठी मुदतीत फॉर्म १०ईई भरावा लागतो. उपयोगाची गोष्ट ही होती, आणि नेमकी तीच मेसेजमध्ये नाही.

एनआरई ठेवीच्या मुद्द्यानं आखातातून परतलेल्यांचं जास्त नुकसान होईल. कायमचे परतलात की फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानं तुम्ही निवासी होता. खातं निवासी करून घ्यावं लागतं, नाहीतर आरएफसी (निवासींच्या परकीय चलनातल्या) खात्यात पैसे वळवता येतात. एनआरई व्याजाची करमाफी तिथेच थांबते. मुदत संपेपर्यंत ठेवता येते ती एफसीएनआर ठेव (अनिवासींची परकीय चलनातली), आणि तिचंही व्याज वर सांगितलेल्या दर्जाच्या काळापुरतंच करमुक्त.

१५एच म्हणजे ‘माझा एकूण कर शून्य आहे’ असं लिहून देणं. कर लागत असताना ते दिलं तर ते खोटं निवेदन ठरतं. आणि १२ लाखांची सूट २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत खरीच आहे, पेन्शनवर ७५ हजारांची प्रमाणित वजावटही मिळते; पण ती सूट फक्त निवासींना, आणि शेअर विकून झालेल्या भांडवली नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावर ती लागू नाही.

मामा, यंदा आयटीआर-२ भरायचा. अमेरिकेतल्या सगळ्या खात्यांची स्टेटमेंट काढून ठेवा.