मिठाचं पाणी, दूध आणि ‘आता बरा आहे’

‘कुणी विष प्यायलं किंवा जास्त गोळ्या घेतल्या, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढा. वरून दूध द्या. माणूस नीट बोलत असेल तर दवाखान्याची घाई नको.’ हा मेसेज पुन्हा फिरायला लागलाय.

मिठाचं पाणी आधी. उलटी झाली नाही तर ते मीठ रक्तात उतरतं, सोडियम वाढतं, झटके येतात. या ‘उपचारा’नंच माणसं दगावली आहेत. अ‍ॅसिड अन्ननलिका जाताना भाजतं, उलटीबरोबर वर येताना पुन्हा भाजतं. रॉकेलची खरी भीती फुप्फुसांना. उलटीत थोडंसं श्वासनलिकेत गेलं तरी न्यूमोनिया होतो. नळी घालून पोट धुणं आता आम्ही डॉक्टरही सरसकट करत नाही. फायदा असलाच तर साधारण पहिल्या तासात, तोही मोजक्या रुग्णांना.

दूध हा उतारा नव्हे. पुढे जाऊ.

‘नीट बोलतोय’ हे वाक्य मात्र मला सगळ्यात जास्त घाबरवतं. पॅरासिटामॉल जास्त झालं तर पहिल्या दिवशी थोडी मळमळ, कधी तेवढीही नाही. यकृत आतून मरत असतं; ते सगळ्यात खालावतं तिसऱ्या-चौथ्या दिवशी. अ‍ॅसिटिलसिस्टीन हा चांगला उतारा आहे, पण गोळ्या घेतल्यापासून ८ तासांच्या आत सुरू झाला तर. म्हणजे घरचे ‘बरा दिसतोय’ म्हणत बसतात, नेमके तेच तास कामाचे.

उलट प्रकारही होतो. अफूवर्गीय औषधाचा ओव्हरडोस झालेला माणूस येतो : डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास मिनिटाला पाच-सहा. नॅलॉक्सोन हा त्यावरचा उतारा दिला की उठून बसतो आणि चपला शोधायला लागतो. त्याला सोडायचं नसतं. नॅलॉक्सोनचा असर तास-दीड तासात ओसरतो, आधीचं औषध अंगात तसंच असतं. बाहुल्या तशाच बारीक, पण तोंडाला फेस, घाम आणि छातीत घरघर असेल, तर संशय कीटकनाशकाचा. तिथे उतारा अ‍ॅट्रोपिन, डोस दर पाच मिनिटांनी दुप्पट, छाती मोकळी होईपर्यंत.

घरच्यांनी करायचं ते थोडंच : रुग्णवाहिका बोलवा, गुंगीत असेल तर कुशीवर वळवा, तोंडानं काही देऊ नका. अंगावर कीटकनाशक सांडलं असेल तर हातमोजे घालून कपडे काढा, अंग धुवा. आणि बाटली, रिकाम्या स्ट्रिप्स सोबत आणा, कचऱ्याच्या डब्यातल्यासुद्धा. आम्ही त्यातले खळगे मोजतो.