‘अमेरिका १३ लाख, भारत २,६००’: हा हिशोब चुकीचा आहे

शाळाप्रवेशाचे दिवस आले की जळगाव-धुळ्याकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. अमेरिका माध्यमिक शाळेतल्या एका मुलावर वर्षाला १३ लाख रुपये खर्च करते आणि भारत जेमतेम २,६००, म्हणजे ५०० पट फरक. खाली सल्ला असतो : अनुदानित शाळेत पोराचं वाटोळं करू नका, कर्ज काढा पण इंग्लिश मीडियमला घाला. सल्ला पाळायच्या आधी हे आकडे आले कुठून ते बघू.

‘भारत २,६०० रुपये खर्च करतो.’ केंद्राच्या २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात शालेय शिक्षण विभागासाठी सुमारे ६८,८०५ कोटी रुपये होते. यूडायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसाठ्याच्या, २०२१-२२ च्या नोंदीनुसार देशात बालवाडी ते बारावीची २६.५२ कोटी मुलं होती. भागाकार केला की साधारण २,६०० येतात. पण ही फक्त दिल्लीची तिजोरी झाली. शाळांवरचा मोठा खर्च राज्यं करतात. समग्र शिक्षासारख्या केंद्राच्या योजनेतही महाराष्ट्राला शंभरातले चाळीस स्वतः घालावे लागतात, आणि शिक्षकांचे पगार तर राज्याच्याच माथी आहेत. शिवाय त्या २६.५२ कोटींत विनाअनुदानित शाळांत भरमसाट फी भरून शिकणारी मुलंही धरलेली आहेत.

आपल्याकडचं शंभर टक्के अनुदानित हायस्कूल घ्या. सातव्या वेतन आयोगात माध्यमिक शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ३८,६०० रुपये आहे. वर्षाचे झाले ४,६३,२००. एका वर्गात ४० मुलं आणि त्यांना एकच शिक्षक धरला, तरी एका मुलामागे ११,५८० रुपये होतात. त्यात महागाई भत्ता नाही, मुख्याध्यापक नाहीत, लिपिक-शिपाई नाहीत, पाठ्यपुस्तकं नाहीत. नुसत्या एका शिक्षकाच्या सुरुवातीच्या मूळ पगारानेच तो २,६०० चा आकडा चौपटीहून जास्त मागे पडतो.

नंदुरबारकडे या. तळोदा, धडगाव, अक्कलकुव्यातल्या शासकीय आश्रमशाळांतली राहण्या-जेवणाची सोय आदिवासी विकास विभाग बघतो. तो पैसा शालेय शिक्षणाच्या खात्यात दिसतच नाही. एकलव्य निवासी शाळांसाठी केंद्राचंच आदिवासी मंत्रालय एका मुलामागे वर्षाला १,०९,००० रुपये धरतं. मेसेजमध्ये यातला एक रुपयाही नाही.

‘अमेरिका १३ लाख देते.’ तिथल्या जनगणना खात्याचा २०२२ या आर्थिक वर्षाचा आकडा १५,६३३ डॉलर आहे, त्याला डॉलरच्या तेव्हाच्या भावाने, म्हणजे ८३ ने गुणलंय. पण तो फक्त माध्यमिकचा नाही, बालवर्गापासून बारावीपर्यंतचा आहे, आणि त्यात केंद्र, राज्य, गाव असा सगळा पैसा आहे. त्यात वॉशिंग्टनचा, म्हणजे तिथल्या केंद्राचा वाटा एरवी दहा टक्क्यांच्या आसपास असतो, कोविडच्या मदतीने तो थोडा वाढला होता. बाकीचा राज्यांचा आणि तिथल्या घरपट्टीचा. आपल्याकडची फक्त दिल्ली मोजायची आणि तिकडचं सगळं गावसुद्धा मोजायचं, ही तुलनाच होत नाही. सरासरीही फसवी आहे : न्यूयॉर्कमध्ये जवळपास ३०,००० डॉलर, युटामध्ये साडेनऊ हजार.

‘५०० पट.’ ८३ रुपयांचा भाव परदेशी व्यवहाराचा. शिक्षकाचा पगार आणि खडू इथल्या बाजारात लागतात. क्रयशक्तीच्या, म्हणजे त्या पैशात इथे काय विकत मिळतं याच्या हिशोबाने डॉलर साधारण २०-२२ रुपयांचा पडतो, म्हणजे १३ लाखांचे साडेतीन लाखांच्या आत आले.

तफावत तरीही मोठीच राहते, आणि ती झाकायचं मला काही कारण नाही. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा असं कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात केंद्र-राज्य मिळून ४.४३ टक्क्यांचीच कबुली आहे. टप्प्याटप्प्याने अनुदान मिळणाऱ्या शाळांना वर्षानुवर्षं २०, ४०, ६० टक्क्यांवर भागवावं लागलंय. खान्देशात माध्यमिक शिक्षण मुळात उभं राहिलं ते संस्थांच्या आणि अमळनेरच्या प्रताप शेठजींसारख्या दात्यांच्या बळावर. आता त्या शाळांच्या प्रयोगशाळा वेतनेतर, म्हणजे पगार सोडून बाकीच्या खर्चाच्या, अनुदानाची वाट बघतात.

म्हणूनच मेसेजमधला सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. अनुदान पटावर चालतं. कापसाचे पैसे फीत घालून दहा-वीस घरांनी मुलं काढली, की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पट घसरतो, तुकडी तुटते, शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि दुसऱ्या शाळेत जातो. मागे उरतात ती शेतमजुरांची मुलं, आणि त्यांच्या वर्गातला गणिताचा मास्तर गेलेला असतो. ‘सरकार खर्च करत नाही’ म्हणत आपणच तो खर्च कमी करवून घेतो.

गावच्या हायस्कूलात जाऊन मुख्याध्यापकांना विचारा : मंजूर पदं किती, भरलेली किती, गणित-विज्ञानाची रिकामी किती, वेतनेतर अनुदान शेवटचं कधी मिळालं. ते कागदावर लिहून घ्या आणि आपल्या आमदाराच्या हातात द्या, कारण या शाळांचा पैसा राज्याच्या अर्थसंकल्पात ठरतो आणि त्यावर मत द्यायला तेच विधानसभेत बसतात.