देवीचे नऊ रंग: एका मेसेजला उत्तर

पितृपंधरवडा संपत आला की एक मेसेज फोनाफोनांतून फिरू लागतो. यंदा तो मला माझ्या मावशीने पाठवला आणि खाली स्वतःची एक ओळ जोडली: "माझ्याकडे करडी साडी नाही गं, आता काय करू?" मावशी सत्तरी ओलांडलेली आहे. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या घट बसतो. साडीच्या रंगावरून देवी रागावेल, ही भीती तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होती. तिला फोनवर उत्तर दिलं, पण मेसेज हजारो घरांत गेलेला असणार, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मेसेजमधले दावे थोडक्यात असे. नवरात्राचे नऊ रंग पुराणांत सांगितले आहेत. प्रत्येक रंग नवदुर्गेतल्या एकेका रूपाचा असून देवीच्या सर्व मंदिरांत शेकडो वर्षं त्याच क्रमाने वस्त्रं नेसवली जातात. सगळीकडे उत्सव एकाच पद्धतीने होतो आणि दसऱ्याला संपतो. देवीच्या उत्सवात बळी कधीच नव्हता. आणि शेवटी ती ओळ, जिने मावशीची झोप उडवली: त्या दिवशीचा रंग न नेसणाऱ्या स्त्रीला त्या दिवसाचं फळ मिळत नाही.

"रंग पुराणोक्त आहेत." नवदुर्गांची नावं जिथून येतात ते देवीकवच अनेक घरांत सप्तशतीच्या पोथीच्या सुरुवातीलाच छापलेलं असतं. शैलपुत्री, ब्रह्मचारिणी, चंद्रघंटा अशी नऊ नावं त्यात क्रमाने आहेत. कोणत्या दिवशी कोणत्या रंगाचं वस्त्र, हे त्यात कुठेही नाही. पोथी घरात असेल तर उघडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

पोथी नसली तरी २०२३ ते २०२५ या तीन वर्षांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवा. २०२३ साली घटस्थापना रविवारी होती आणि पहिला रंग होता नारिंगी. २०२४ मध्ये गुरुवार आला आणि पहिला रंग पिवळा झाला. २०२५ मध्ये सोमवार, तर पांढरा. पहिला दिवस शैलपुत्रीचा असेल तर तिचा रंग दरवर्षी का बदलतो? कारण यादी देवीवरून ठरतच नाही, वारावरून ठरते. रवि नारिंगी, सोम पांढरा, मंगळ लाल, बुध निळा, गुरु पिवळा, शुक्र हिरवा, शनि करडा. उरलेल्या दोन दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा यांतले दोन जोडून द्यायचे. यात ग्रहांची जुनी समजूतही धड पाळलेली नाही. बुधाचं रत्न हिरवं पाचू आणि शनीचं निळं नीलम, हे आपल्याकडे कुणीही सांगेल. यादीत मात्र बुधवार निळा आहे आणि शनिवार करडा. मोरपंखी हा तर कोणत्याच वाराचा रंग नाही. आणि २०२५ मध्ये तृतीया दोन दिवस आल्यामुळे प्रतिपदा ते नवमी हा काळ दहा दिवसांचा झाला. नवरात्र तिथीवर चालतं, त्यामुळे देवळांना त्याची काही अडचण नव्हती. नऊच रंग मोजणाऱ्या याद्यांची मात्र पंचाईत झाली.

मग हे रंग आले कुठून? २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत महाराष्ट्र टाइम्स या दैनिकाने रोजचा रंग जाहीर करून वाचक महिलांचे फोटो मागवायला सुरुवात केली. कचेऱ्यांतल्या, लोकलच्या डब्यातल्या, शाळांतल्या बायका एका रंगात उभ्या राहून हसत फोटो काढू लागल्या आणि बघता बघता ते राज्यभर पसरलं. मला त्यात काहीही वावगं वाटत नाही. दिवसभर राबणाऱ्या बायकांना नऊ दिवस नटायला आणि एकत्र यायला निमित्त मिळालं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण वीस-बावीस वर्षांच्या हौसेला हजार वर्षांचं शास्त्र म्हटलं की तिची सक्ती होते, आणि सक्तीपाठोपाठ भीती येते.

"सर्व मंदिरांत नवदुर्गेच्या क्रमाने वस्त्रं नेसवतात." आज काही देवळांत त्या दिवशीच्या रंगाची साडी नेसवली जाते हे खरं आहे. भक्त तशी साडी आणतात, पुजारी ती प्रेमाने नेसवतात. पण आपल्या मोठ्या पीठांची स्वतःची रीत निराळी आहे. तुळजापूरला नवरात्रात भवानीच्या अलंकार पूजा बांधतात: रथ अलंकार, मुरली अलंकार, शेषशायी, भवानी तलवार, महिषासुरमर्दिनी. मुरली अलंकारात भवानी कृष्णाच्या रूपात दिसते, शेषशायीत विष्णूच्या, आणि तलवारीच्या पूजेत ती शिवरायांना तलवार देते. हा क्रम नवदुर्गांच्या यादीत बसवून दाखवा. कोल्हापुरात अंबाबाईची रोज वेगळ्या रूपात पूजा बांधली जाते, ती रूपंही या नऊ नावांपुरती मर्यादित नसतात. माहूरला तर रेणुकेचं फक्त शेंदरी मुख आहे आणि तिथला लाडका प्रसाद म्हणजे कुटलेल्या विड्याचा तांबूल. वणीची सप्तशृंगी अठरा हातांची. चार ठिकाणी चार देवी, प्रत्येकीचं रूप वेगळं, आवड वेगळी.

आणि आपण मराठी माणसं नवरात्राचे दिवस मोजत आलो ते माळेने. "आज कितवी माळ?" हा प्रश्न माझ्या लहानपणी घरोघरी ऐकू यायचा. घटावर रोज एक माळ चढायची, खालच्या काळ्या मातीत धान्य रुजत जायचं, नंदादीपात तेल घातलं जायचं. घराघरांत टाळ्या वाजवत म्हटली जाणारी, उदोकाराच्या ध्रुवपदाची ती आरती आठवा. तिच्यात प्रतिपदा ते दशमी प्रत्येक तिथीला एक कडवं आहे. द्वितीयेला चौसष्ट योगिनी येतात, तृतीयेला अंबेचा शृंगार होतो, पंचमीला उपांगललितेचं व्रत, षष्ठीला दिवट्या घेऊन गोंधळ, सप्तमीला सप्तशृंग गड आणि दशमीला सीमोल्लंघन. आपल्या लोकांनी देवीचा उत्सव कसा मोजला, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला तरी माहीत नाही, आणि तो आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यात तृतीयेच्या शृंगारात पिवळा पीतांबर आहे. वार कोणताही असो, तो पिवळाच.

"उत्सव सगळीकडे सारखा, नऊ दिवसांचा, दसऱ्याला संपतो." या वाक्याने मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण यात आपल्या देवळांमधली सगळ्यात सुंदर गोष्ट पुसली जाते. तुळजापूरची देवी आधी झोपते. भाद्रपद वद्य अष्टमीला तिची घोर निद्रा सुरू होते. महिषासुराशी लढायचं आहे, म्हणून आधी विश्रांती. तिच्या गाद्यांचा कापूस पिंजण्यापासून तयारी असते. सर्वपित्रीच्या अमावस्येनंतर प्रतिपदेच्या पहाटे ती उठते, सिंहासनावर बसते, आणि मग घटस्थापना होते. युद्ध संपलं की सीमोल्लंघन. भवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे सिंहासनावरून हलवता येते. इजा होऊ नये म्हणून तिच्याभोवती साड्यांचं दिंड बांधतात, पालखीत बसवतात आणि 'आई राजा उदो उदो'च्या गजरात मंदिराभोवती प्रदक्षिणा होते. पालखी येते नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून, आणि पलंगही नगरकडूनच, वाटेत गावोगावचं दर्शन घेत. कारण प्रदक्षिणेनंतर देवी थेट सिंहासनावर परत जात नाही. ती दमलेली असते. त्या पलंगावर ती श्रमनिद्रा घेते, ती कोजागिरीपर्यंत. अष्टमीच्या निद्रेपासून कोजागिरीपर्यंत मोजलं तर तीन आठवड्यांहून जास्त काळ होतो. पुढे पौषात मोहनिद्रा आणि शाकंभरी नवरात्र, तेव्हा पुन्हा घट बसतो. म्हणजे तुळजापूरला वर्षात नवरात्रंही एकाहून अधिक आहेत.

लढण्याआधी झोपणारी आणि लढून दमणारी देवी! राबणाऱ्या बाईला याहून जवळची वाटेल अशी देवी कुठे असेल? मेसेजमध्ये तिच्या झोपेचा उल्लेखसुद्धा नाही.

कोल्हापूरची गोष्ट आणखी वेगळी. तिथे पंचमीला अंबाबाई पालखीत बसून टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोली देवीच्या टेकडीवर जाते. सांगतात की असुरवधात त्र्यंबोलीने मोलाची मदत केली, पण विजयाच्या सोहळ्यात तिला बोलवायचं राहून गेलं. ती रुसून पाठ फिरवून टेकडीवर जाऊन बसली. अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला गेली. म्हणून आजही दरवर्षी थोरली बहीण धाकटीच्या दारी जाते, आणि तिथे कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडला जातो. अष्टमीच्या रात्री अंबाबाई नगरप्रदक्षिणेला निघते, दसऱ्याला दसरा चौकात सोनं लुटतात. वणीला नवमीच्या रात्री दरेगावच्या गवळी घराण्याच्या मानाने गडाच्या शिखरावर कीर्तिध्वज लागतो. कोजागिरीला कावडीवाले नद्यांचं पाणी घेऊन गडावर चढतात, तृतीयपंथी भक्तांचा मोठा मेळाही त्याच दिवशी भरतो. आणि गडाची दुसरी मोठी यात्रा चैत्रात असते, ती तर त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

"बळी कधीच नव्हता." मी स्वतः मांसाहार करत नाही आणि बळीची प्रथा थांबावी असं मला मनापासून वाटतं. पण ती नव्हतीच, हे खोटं आहे. तुळजापूरला महानवमीला होमाशी जोडलेला अजाबळीचा, म्हणजे बोकडाच्या बळीचा विधी आहे. वणीला दसऱ्याला बोकडबळीची परंपरा होती. २०१६ मध्ये त्या वेळी मानवंदनेसाठी झाडलेल्या बंदुकीचे छर्रे लागून भाविक जखमी झाले, म्हणून २०१७ मध्ये प्रशासनाने तिच्यावर बंदी घातली आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली. नसलेल्या प्रथेवर न्यायालयात वाद होत नाहीत. अनेक घरांतही नवमी-दसऱ्याला बोकड असतो. कितीतरी ठिकाणी त्याची जागा कोहळ्याने घेतली आहे. हा बदल लोकांनी आपसात बोलून, घरातल्या म्हाताऱ्यांची समजूत काढून घडवला. "असं काही नव्हतंच" म्हटलं की त्यांची ही मेहनतही पुसली जाते. आणि ज्यांच्या घरी अजून ती रीत आहे, त्या भोप्यांची (देवीच्या पुजाऱ्यांची), आराध्यांची (देवीची गाणी म्हणणाऱ्या भक्तांची), गावोगावच्या मानकऱ्यांची भक्ती जणू अशुद्ध ठरते. परडी घेऊन जोगवा मागणाऱ्या आराधिणीने आणि रात्रभर संबळ वाजवणाऱ्या गोंधळ्याने हा उत्सव जिवंत ठेवला आहे. त्यांना बाजूला सारून देवीचं नवरात्र सांगताच येत नाही.

राहिला शेवटचा दावा, रंग चुकला तर फळ नाही. याला आधार नाही, एवढंच. पुराणात नाही, पोथीत नाही, देवळाच्या रिवाजात नाही. ज्या देवीने रुसलेल्या त्र्यंबोलीसाठी टेकडी चढली, ती साडीच्या रंगावरून कुणाला परत पाठवेल असं मानायला मी तयार नाही.

मावशीला मी एवढं सगळं सांगितलं नाही. फक्त विचारलं, तुझी आई शनिवारी कोणतं लुगडं नेसून घटाला माळ घालायची? ती जरा थांबली. म्हणाली, "अगं, तिच्याकडे दोनच होती. एक धुवायला, एक अंगावर." मग शनिवारी तिने आपलं नेहमीचं हिरवं काठापदराचं नेसलं. संध्याकाळी फोन आला, घटातलं धान्य बोटभर वर आलंय म्हणून सांगायला.