फरशीवरचं नाव

परवा टोकियोत तोझाई लाइनच्या मेट्रोच्या गर्दीत उभ्या उभ्या गावच्या ग्रुपवरचे 84 मेसेज वाचले आणि माझं निशिकासाई स्टेशन येईपर्यंत डोकं तापलं. विषय देवळाचा. संगमेश्वर तालुक्यातलं आमचं गाव, ग्रामदेवतेचं देऊळ, भोवती दोनेक एकरांची देवरहाटी, म्हणजे देवीच्या नावाने राखलेली राई. जीर्णोद्धार झालाय, आता गाड्या लावायला जागा हवी म्हणून सहा झाडं काढायची. चुलतभाऊ विचारतो, देव मोठा की झाडं? त्यावर पुण्याच्या भाच्याने हिशेबच मांडला: या झाडांचा कार्बन इतका, पाणी इतकं, रुपयांत किंमत इतकी.

मला दोघांचाही राग आला. भाच्याचा जास्त, कारण तो माझ्या बाजूचा.

रहाटीतली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हे आम्हाला कुणी कार्बन सांगून शिकवलं नव्हतं. पडलेलं ऐनाचं खोड हवं असेल तर गुरवकाका देवीला कौल लावायचे. कौल उजवा मिळाला तर लाकूड देवळाच्या कामाला, नाही तर पडल्या जागी कुजायचं. त्या कुजण्यावर अळंबी, बेहड्याच्या ढोलीत धनेश, खाली झरा, त्याच झऱ्याचं पाणी देवीच्या आंघोळीला. यातली संस्कृती कुठली नि निसर्ग कुठला, काढा वेगळं! पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक 1970च्या दशकात देवराया पालथ्या घालत होते, तेव्हा त्यांनी झाडांबरोबर ती राखणाऱ्या श्रद्धेचीही दखल घेतली. आमच्या भाच्याच्या तक्त्यात देवीला रकानाच नाही.

जपानमध्ये लोकांना हे कळतं, असं मी ग्रुपवर ठणकावलं. आमच्या वॉर्डातल्या इवल्याशा जिंजातला, म्हणजे शिंतो देवळातला, जुना गिंको वृक्ष दोरी बांधून राखलाय, शेजारी अकरा मजली मान्शोन, म्हणजे फ्लॅटची इमारत, उभी राहिली तरी त्याला धक्का नाही. फोटोही टाकला. (फोटोत कोंबिनीचे, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाचे, कचऱ्याचे डबे येत होते, ते कापले.)

आणखीही एक गोष्ट कापली. 1906 मध्ये इथल्या सरकारनेच फर्मान काढलं, गावागणिक एकच जिंजा ठेवा. पुढच्या काही वर्षांत सुमारे 70 हजार जिंजा मोडीत निघाली, कित्येकांच्या राया तोडून लाकूड विकलं गेलं. वाकायामात मिनाकाता कुमागुसु नावाचा, कुजक्या लाकडांवरचे बुरशीसारखे जीव शोधत रानोमाळ हिंडणारा अवलिया त्यावर पेटून उठला. 1910 मध्ये सरकारी मंडळींच्या सभेत घुसून धिंगाणा घातला म्हणून 18 दिवस कोठडीत बसला. 1911 च्या पत्रव्यवहारात त्याने ‘इकॉलॉजी’ हा जपानात तेव्हा नवा असलेला शब्द वापरला. म्हणणं असं की राई गेली की पक्षी जातात, पक्षी गेले की पिकावर कीड पडते. आणि देव लांब नेला की जत्रा मोडते, जत्रेवर पोट असलेले मोडतात, माणसं एकमेकांच्या दारी जाईनाशी होतात. भाच्याने हे वाचायला हवं. पण हे ग्रुपवर लिहिलं असतं तर भाऊ म्हणाला असता, म्हणजे जपान्यांनीही पाडलीच की!

त्याने तेही म्हटलं नाही. त्याचं उत्तर आलं, “दादा, शिमग्यात पालखीला खांदा द्यायला माणसं पुरत नाहीत. तू शेवटचा कधी आलास?”

नऊ वर्षं झाली. शिमगा मार्चमध्ये, आणि मार्चअखेर ऑफिसात रजेचं नाव काढता येत नाही. हे टाइप केलं आणि पुसलं. कारण जीर्णोद्धाराच्या वर्गणीचा मेसेज आला तेव्हा एक प्रश्न न विचारता दोन लाख येन मीच पाठवले होते. मंगळुरी कौलं उतरवून स्लॅब पडली ती त्या पैशांतून. सभामंडपात काळ्या फरशीवर माझं नाव आहे, कंसात ‘जपान’. ग्रुपचा डीपी तोच फोटो आहे.

शेवटी एवढंच विचारलं, झाडं काढायला कौल लावलात का?

“लावणार कोण? गुरवकाका गेल्या पावसाळ्यात गेले. मुलगा मुंबईला असतो.”

मला कुणी कळवलंच नाही म्हणून चिडून मागचे मेसेज उपसले. बातमी होती. तिच्याखाली हात जोडलेला इमोजी, माझाच.