लहान मुलींच्या सौंदर्यस्पर्धा: त्या फिरत्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. आधी दोन-तीनदा दिसला तेव्हा मी लक्ष दिलं नाही. परवा मात्र तोच मेसेज माझ्या वहिनीनं पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, मला तर पटतंय हे. फॉर्म भरून टाकू का?" फॉर्म माझ्या भाचीचा. पोरगी सहा वर्षांची आहे. वर्धा रोडवरच्या एका लॉनवर चार ते आठ वयाच्या मुलींची सौंदर्यस्पर्धा आहे, रॅम्प वॉकसकट. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेज थोडक्यात असा: सिनेमावाल्यांनी या स्पर्धा मुद्दाम बदनाम केल्या. हॉलिवूडच्या 'लिटल मिस सनशाइन'मध्ये स्पर्धेतल्या बाकी मुली शिस्तीत होत्या, अश्लील नाच केला तो सिनेमाच्या नायिकेनं. मुलं निरागस असतात, त्यांना काही कळत नाही, घाण असते ती बघणाऱ्याच्या डोळ्यात. स्पर्धेनं आत्मविश्वास येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला आपणही पोरं नटवतोच. आणि जगात कुठंही यावर बंदी नाही.

सिनेमापासूनच सुरुवात करते, कारण मेसेज लिहिणाऱ्यानं तो पाहिलेला दिसत नाही, किंवा पाहूनही खोटं लिहिलंय. 2006 चा हा सिनेमा. सात वर्षांची ऑलिव्ह, डोळ्यांवर मोठा चष्मा, पोट थोडं सुटलेलं. तिला स्पर्धेत भाग घ्यायचाय म्हणून अख्खं घर एका खटारा पिवळ्या फोक्सवॅगन गाडीत बसून न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीहून कॅलिफोर्नियाला निघतं. तिथं पोचल्यावर बाकीच्या मुली दिसतात: फुगवलेले केस, थापलेला मेकअप, स्विमसूट, चेहऱ्यावर चिकटवलेलं हसू. या मुली दिग्दर्शकांच्या कल्पनेतून आलेल्या नाहीत. ऑलिव्ह झालेली अबिगेल ब्रेस्लिन सोडली तर त्या स्पर्धेतल्या मुली खऱ्या स्पर्धांमध्ये उतरणाऱ्याच होत्या, आणि तिथं जे करायच्या तेच त्यांनी कॅमेऱ्यासमोर केलं. मग बदनामी कोणी केली? कॅमेरा फक्त समोर ठेवला होता.

आता तो नाच. ऑलिव्हला तो तिच्या आजोबांनी शिकवलाय. त्याचा अर्थ तिला माहीत नाही, ती मन लावून नाचते. ते बघून लोक चिडून उठतात. जरा वेळापूर्वी तितक्याच वयाच्या मुली स्विमसूट घालून कंबर हलवत होत्या तेव्हा हेच लोक टाळ्या वाजवत होते. सिनेमा नेमकं एवढंच दाखवतो: मोठ्यांनी मुलींना तेच शिकवलेलं होतं, फक्त त्यावर मेकअप आणि मुकुट होता. ऑलिव्हनं तो मुलामा काढला आणि सगळ्यांना लाज वाटली. मग तिचे वडील, मामा, भाऊ, शेवटी आईसुद्धा स्टेजवर चढून तिच्यासोबत नाचतात, पोरगी एकटी पडू नये म्हणून. हे सगळं बाजूला ठेवून मेसेज लिहिणारा सात वर्षांच्या मुलीला अश्लील ठरवतो आणि पुढच्याच ओळीत म्हणतो की घाण बघणाऱ्याच्या डोळ्यात असते! मग ती कुणाच्या डोळ्यात होती?

सिनेमावाले धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणत नाही. ऑलिव्हचा तो नाच करायला शेवटी एक लहान मुलगीच उभी केली गेली, हे मलाही खटकतं. आपल्या सिनेमात आणि टीव्हीवर तर पोरांच्या तोंडी मोठ्यांचे द्व्यर्थी संवाद घालून हशा वसूल केला जातो. जून 2019 मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला वाहिन्यांना सांगावं लागलं की डान्स रिॲलिटी शोमध्ये मुलांना अशोभनीय पद्धतीनं दाखवू नका. पण 'किल्ला'मधला चिनू आठवा, 'नाळ'मधला चैत्या आठवा. रुसलेली, चिडलेली, हट्टी पोरं आहेत ती. बालपण दाखवायला त्यांना नटवावं लागलं नाही. आणि शूटिंगवरच्या मुलासाठी निदान कागदावर तरी नियम आहेत. 2017 पासून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि कमाईतली किमान 20 टक्के रक्कम मुलाच्या नावे मुदत ठेवीत. ते नियम मोडले जातात, मान्य. पण लॉनवरच्या स्पर्धेत उलट पालकच पैसे भरतात आणि पोरगी दुपारपासून रात्रीपर्यंत मेकअप करून बसते.

सगळ्यात घातक मुद्दा मात्र 'मुलांना काही कळत नाही' हा. वहिनीनं मला याच आयोजकांच्या मागच्या स्पर्धेचा व्हिडिओही पाठवला होता. त्यात पाचेक वर्षांची एक मुलगी रॅम्पवर येते, गालावरची चमकी खाजवते, आणि स्टेजखालून तिची आई दबक्या आवाजात म्हणते, "कंबर, कंबर!" मुलगी लगेच कंबरेवर हात ठेवते, मान तिरकी करते. अँकर विचारतो, "बॉयफ्रेंड आहे का गं?" सगळे हसतात. ती आईकडे बघते आणि मग तीही हसते. तिला कळलं की. लोक कशाला हसतात, कशाला टाळ्या वाजवतात, हे तिला नेमकं कळलं, आणि हाच त्यातला धोका आहे.

हे काही माझ्या मनचं नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं 2007 मध्ये मुलींच्या लैंगिकीकरणावर एक अहवाल काढला. माणसाची किंमत फक्त त्याच्या लैंगिक आकर्षकपणावरून ठरवणं हे त्यांनी लैंगिकीकरणाच्या लक्षणांत धरलंय. अशा वातावरणाचा संबंध त्यांना मुलींमधल्या खाण्याच्या विकारांशी, खालावलेल्या आत्मसन्मानाशी आणि नैराश्याशी दिसला. पालक स्वतःच मुलींना सौंदर्यस्पर्धेत उतरवतात, याचाही त्यात उल्लेख आहे. आत्मविश्वासाचा मुद्दा माझ्यापुरता इथंच संपतो. स्टेजची भीती घालवायला शाळेचं गॅदरिंग आहे, वक्तृत्व आहे, खो-खो आहे.

तान्ह्या पोळ्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि तो मला नाइलाजानं मान्य करावा लागतो. आपण पोरं नटवतो, वेशभूषेला बक्षीसही देतो, आणि नागपुरात महालापासून मानेवाड्यापर्यंत काही ठिकाणी आता त्यातही आयांची चढाओढ दिसते. ती मलाही आवडत नाही. पण तान्ह्या पोळ्यात सजतो तो लाकडी नंदी. पोट्टे तो ओढत घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, सगळ्यांना मिळतो, गोऱ्यालाही आणि काळ्यालाही. तुझं नाक त्या मुलीपेक्षा कमी चांगलं आहे, असं कोणी पोराला उभं करून सांगत नाही. सौंदर्यस्पर्धेत नेमकं तेच सांगतात, गुण देऊन.

बंदीचा दावा तर सरळ खोटा. फ्रान्सच्या सिनेटनं 2013 मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलींच्या सौंदर्यस्पर्धांवर बंदीच्या बाजूनं मतदान केलं. ऑगस्ट 2014 मध्ये अंतिम कायदा झाला तेव्हा तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी अशा स्पर्धा बंद झाल्या आणि तेरा ते सोळा वयाच्या मुलांच्या स्पर्धांना आधी परवानगी सक्तीची झाली. शोधायला दोन मिनिटं पुरतात.

मेसेजच्या शेवटी लिहिलंय, 'विरोध करणाऱ्यांना मुलींनी पुढे गेलेलं बघवत नाही.' वहिनीला मी सांगितलं, पोरीला नाचायचं असेल तर नाचाचा क्लास लाव, फी मी भरते. आणि तो फॉर्म पुन्हा एकदा पूर्ण वाच. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलंय की मुलीचे फोटो आणि व्हिडिओ आयोजक कुठंही, कितीही काळ, कोणत्याही जाहिरातीत वापरू शकतात. खाली सही पालकांची. एवढ्या लांब मेसेजमध्ये या अटीबद्दल अवाक्षर नाही.